गव्यांच्या चराई-पट्ट्याला आडोसा हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

यंदा भातकापणीच्या दिवसांत गव्यांनी उभे पीक तुडवल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वारंवार येत होत्या आणि त्यांच्यासोबत एक उपायही सुचवला जात होता. जंगलाच्या कडेला हिरव्या चाऱ्याचे पट्टे तयार करावेत, म्हणजे गव्यांना खाली भातात उतरण्याची गरज पडणार नाही, असा तो उपाय. त्याला माझा विरोध नाही. कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या आमच्या गावात, आम्ही पाच शेतकऱ्यांनी मिळून गेली ४ वर्षे असा एक पट्टा राखला आहे आणि तो पुढेही राखणार आहोत. मात्र या ४ वर्षांत एक गोष्ट आम्हाला पक्की कळली, जिची चर्चा कोठेही होताना दिसत नाही, म्हणून हे पत्र. चाऱ्याचा पट्टा रस्त्यावरून नजरेस पडत असेल तर गवे त्यावर निवांत चरत नाहीत आणि जे टाळण्यासाठी पट्टा केला तेच घडते. चारा ज्या पावसात पेरायचा, त्याच पावसात त्याच्याभोवती उंच वाढणाऱ्या हंगामी झाडांचा आडोसाही पेरला पाहिजे.

आमचा पट्टा सुमारे ३० गुंठ्यांचा आहे. पूर्वी त्या भरडावर, म्हणजे वरकस जमिनीवर, नाचणी आणि वरी होत असे. कसणारी माणसे मुंबईला गेली, भरड पडीक राहिले आणि त्यावर रानमोडीचे तण माजले. ते मुळासकट उपटून आम्ही तेथे दीनानाथ गवत आणि स्टायलो ही चाऱ्याची पिके आणि चवळी पेरली. जमीन उताराची आहे. वरच्या अंगाला राई आणि खालच्या अंगाने घाटाकडे जाणारा डांबरी रस्ता. पहिल्या वर्षी चारा उत्तम आला आणि गवेही आले, परंतु ते रात्री उशिरा, रस्ता निजल्यावर येत. एखाद्या गाडीच्या दिव्यांचा झोत वळणावरून पट्ट्यावर फिरला की सगळा कळप माना वर करून थिजल्यासारखा उभा राही आणि पाठोपाठ दुसरी गाडी आली की राईत परते. अर्धपोटी राहिलेली तीच जनावरे पहाटे पाणंदीने खाली उतरून मळ्यातल्या भातात शिरत, कारण मळा रस्त्यापासून दूर आणि पूर्ण अंधारात होता. सकाळी पट्ट्यावर चारा शिल्लक आणि मळ्यात भात आडवे, असे दृश्य आम्ही त्या वर्षी अनेकदा पाहिले.

त्यातच कोणी तरी संध्याकाळी कळपाची चित्रफीत काढली आणि ती भ्रमणध्वनीवरून सगळीकडे फिरली. मग गाड्या मुद्दाम थांबू लागल्या, माणसे उतरून गडग्यावर चढू लागली, आणि एके दिवशी एका तरुणाने गव्यांनी डोके वर करावे म्हणून त्यांच्या दिशेने दगड भिरकावला. पूर्ण वाढलेला नर गवा खांद्यापाशी जवळजवळ ६ फूट उंच असतो आणि त्याचे वजन हजार किलोपर्यंत जाऊ शकते. असे जनावर बिथरून रस्त्यावर उतरले असते, तर काय झाले असते याची कल्पना त्या तरुणाला नव्हती. मी त्याला हात जोडून गाडीत बसायला सांगितले. त्या संध्याकाळी घरी परतताना माझ्या मनात आडोशाचा विचार प्रथम आला.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत खासगी जमिनीवर हरणांसाठी चाऱ्याचे लहान तुकडे पेरण्याची रीत जुनी आहे आणि तेथील जमीनमालक रस्ता व तुकडा यांच्यामध्ये उंच वाढणाऱ्या वर्षायू पिकांचा दाट पडदा उभा करतात. त्यासाठी जे एक बियाणे विकले जाते त्याचे नाव ‘इजिप्शियन गहू’ असे आहे. नावात गहू असला तरी ती ज्वारीच आहे आणि १० ते १२ फूट वाढते. ज्वारी व सुदान गवत यांचा संकरही तेथे त्याच कामाला वापरतात. त्यांचा हेतू बहुतेक शिकारीचा असतो: रस्त्यावरच्या माणसाला हरीण दिसू नये, आणि जमीनमालकाला स्वतःच्या मचाणापर्यंत हरणाच्या नकळत पोचता यावे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि गवा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा तो हेतू येथे लागू होत नाही. आडोशामागचे कारण मात्र दोन्हीकडे सारखेच आहे. उघड्यावर चरणारे जनावर बराच वेळ मान वर करून पाहण्यात घालवते. नजरेसमोरची हालचाल थांबली की ते खाली मान घालून पोटभर खाते, आणि पोट भरलेले जनावर राईत जाऊन रवंथ करत बसते. गव्यांना खाली उतरू द्यायचे नसेल, तर त्यांना वर निवांत खाऊ दिले पाहिजे, एवढे साधे हे गणित आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही वाचलेले जसेच्या तसे करून पाहिले आणि त्यात फसलो. देशावरच्या एका नातेवाइकाकडून उंच वाढणाऱ्या ज्वारीचे बियाणे आणून पट्ट्याच्या खालच्या कडेला दाट पेरले आणि लवकर उंची यावी म्हणून त्याला युरियाही दिला. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ज्वारी का घेत नाहीत, हे आमच्या आजोबांना विचारावे लागले नसते. पाणी साचले तेथे रोपे पिवळी पडली. जेथे निचरा होता तेथे ती भराभर वाढली, पण दाटीमुळे धाटे बोरूसारखी बारीक राहिली आणि श्रावणापूर्वीच्या वादळवाऱ्यात सगळी पट्टी लोळली. पडदा ज्या महिन्यांत हवा होता, त्या महिन्यांत तेथे कुजणारा पेंढा होता.

ज्वारीचा याहून गंभीर दोष मला त्यानंतर उमगला. कोवळ्या ज्वारीत, आणि कापल्यावर वा खुडल्यावर फुटणाऱ्या धुमाऱ्यांत, सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. देशावरचे शेतकरी त्याच्या विषबाधेला ‘किरळ लागणे’ म्हणतात आणि आपली गुरे कोवळ्या ज्वारीत जाऊ देत नाहीत. पावसाने ओढ दिली की हा धोका वाढतो. आम्ही कोकणातली माणसे ज्वारीशी फारसा संबंध नसल्याने हे विसरलो होतो. ज्या जनावरांना हिरवे खायला बोलवायचे, त्यांच्याच वाटेवर कोवळी ज्वारी उभी करणे हे मला चुकीचे वाटते, आणि म्हणून ज्वारी किंवा तिचे संकर येथे कोणी सुचवले, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा असे माझे मत आहे. कोकणाबाहेरून आणलेले तयार ‘पडदा मिश्रण’ विकणारा कोणी भेटला, तर त्यात काय काय आहे हे आधी विचारावे.

तिसऱ्या वर्षापासून आम्ही आपल्याच मातीतल्या झाडांकडे वळलो, आणि तेथे आमचे काम जमले. पहिले नाव धैंचाचे घ्यावे लागेल. भातात हिरवळीचे खत म्हणून गाडण्यासाठी तो सर्वांना ठाऊक आहे. त्या कामासाठी आपण तो दीड महिन्यात, फुलावर येण्यापूर्वीच गाडतो, त्यामुळे त्याला उभा राहू दिला तर तो किती वाढतो हे बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. मोकळे राहू दिलेले धैंचाचे झाड ऑगस्टअखेर माणसाच्या डोक्यावरून जाते आणि दसऱ्यापर्यंत ९-१० फुटांना पोचते. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात, त्यामुळे त्याला युरिया लागत नाही, आणि ज्वारी जेथे पिवळी पडली त्याच पाणथळ कोपऱ्यात तो जोमाने वाढतो. तागही तितकाच उंच जातो आणि त्याची पिवळी फुले फार देखणी दिसतात, परंतु त्याला साचलेले पाणी सोसत नाही आणि त्याचे बी जनावरांना अपायकारक असते. म्हणून आम्ही ताग फक्त उताराच्या, निचऱ्याच्या बाजूला, रस्त्याकडच्या बाहेरच्या दोन ओळींत ठेवतो आणि शेंगा भरण्यापूर्वी कापून टाकतो.

अंबाडीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ती आपल्या बांधांवरून नाहीशी होत चालली आहे. वाखाच्या अंबाडीचे खोड सरळसोट ८-१० फूट जाते, त्यावर बारीक काटे असतात, त्यामुळे जनावर ती लगेच ओरबाडत नाही, आणि धैंचाची पाने विरळ असल्याने जी फट राहते ती अंबाडीच्या रुंद पानांनी भरून निघते. माझी आई कोवळ्या पानांची कण्या घालून भाजी करत असे आणि कापलेली खोडे वहाळात भिजत टाकून त्यांचा वाख काढला जाई. गुरांची दावी त्याचीच वळलेली असत. आता दावी नायलॉनची आली आहेत. आमच्या पट्टीवर गेल्या दोन पावसाळ्यांत वाडीतल्या बायका भाजीसाठी शेंडे खुडून नेतात. शेंडा खुडला की झाड फांद्या फोडून आणखी दाट होते, तेव्हा त्यांचा आणि पट्ट्याचा दोघांचाही फायदा होतो. फक्त हे खुडणे जुलैतच उरकावे, गव्यांचे येणे सुरू झाल्यावर तेथे कोणी जाऊ नये, एवढा नियम आम्ही घालून घेतला आहे.

आतल्या अंगाला आम्ही तुरीची एक ओळ टाकतो. बांधावर तूर लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. गवे ती खातात, आणि खावी म्हणूनच ती लावलेली असते; पण उशिरा पिकणारी तूर पौषापर्यंत हिरवी राहते, आणि धैंचा-अंबाडीची पाने झडू लागतात त्या दिवसांत उरलेली तूर पडद्याला हातभार लावते.

आता पेरणीविषयी. ताग आणि अंबाडी ही दोन्ही दिवस लहान होऊ लागले की फुलावर येणारी झाडे आहेत आणि फुलावर आली की त्यांची उंची थांबते. म्हणून भाताच्या लावणीतून मोकळे झाल्यावर, जुलैअखेर, ती पेरली तर कमरेपेक्षा फार वर जात नाहीत. रोहिणीत जमीन नांगरून ठेवावी आणि धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, किंवा मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर बी टाकावे. धैंचाचे बी कठीण कवचाचे असते. ते रात्रभर पाण्यात भिजवल्यास एकसारखे उगवते, मात्र भिजवलेले बी ओल्या जमिनीतच टाकावे, धुळीत नाही. हिरवळीच्या खतासाठी हेक्टरी ५० किलो, म्हणजे गुंठ्याला अर्धा किलो बी वापरतात. आडोशासाठी आम्हाला त्याच्या निम्मे पुरते, कारण येथे बारीक, दाट काड्या नकोत. वाऱ्याला टिकणारे जाड बुंधे आणि खालपासून फुटलेल्या फांद्या हव्यात. ३०० फूट लांब आणि १२ फूट रुंद पट्टी म्हणजे सव्वातीन गुंठे होतात, तेव्हा किलोभर बियाण्याच्या आतच काम भागते. दीड-दीड फुटांवर ओळी, लागवडीच्या वेळी शेणखत आणि थोडे सुपर फॉस्फेट, पहिल्या महिन्यात तणाची एक बेणणी आणि त्याच वेळी बुंध्याला मातीची भर, एवढेच कष्ट आहेत. एवढ्या कमी पैशांत होणारे हे काम चराई-पट्ट्यांच्या योजनेत का धरले जात नाही, हे मला समजत नाही.

जागा निवडताना मात्र घाई करू नये. आडोसा रस्त्याच्या अगदी कडेला लावला तर तो सर्वांत जास्त झाकतो हे खरे, परंतु मग त्यातून अचानक बाहेर आलेले जनावर गाडीवाल्याला शेवटच्या क्षणीच दिसते. वळणावर तर ते जिवावरच बेतेल. आम्ही डांबराच्या कडेपासून २५ फूट जागा पूर्ण मोकळी ठेवतो, तिच्यावरचे गवत दर पंधरा दिवसांनी कापतो, आणि त्यानंतर पट्टी सुरू करतो. गावाकडच्या आणि रस्त्याकडच्या बाजू बंद, राईकडची बाजू पूर्ण उघडी. जनावराने राईतून यावे आणि राईतच परतावे. राखणदाराला आत जाण्यासाठी एकच वाट आहे, आणि ती सरळ न ठेवता बेड्याच्या, म्हणजे आवाराच्या फाटकाच्या, तोंडाशी गडगे एकमेकांवरून सरकवून बांधतात तशी वाकडी ठेवली आहे, म्हणजे वाटेतून आरपार दिसत नाही.

किती उंची पुरेल, हे अंदाजाने ठरवू नये. आमची पट्टी मोटारीतून पाहणाऱ्याला पुरेशी होती, पण एसटीच्या खिडकीतून पट्ट्याचा वरचा तिसरा हिस्सा साफ दिसत होता, कारण बसमधला माणूस उंच बसतो आणि आमची जमीन रस्त्यापासून वर चढत जाते. हे आम्हाला तिसऱ्या वर्षी एका वाहकाने सांगितले. त्यानंतर आम्ही ६ फुटांच्या बांबूला लाल फडके बांधून तो पट्ट्यावर निरनिराळ्या जागी उभा केला, एक जण बसने खालून वर गेला, आणि फडके जेथे जेथे दिसले तेथे खुणा केल्या. चौथ्या वर्षी त्या खुणांवरून पट्ट्याच्या मध्यावर आडवी दुसरी पट्टी पेरली. ही चाचणी उन्हाळ्यातच करून ठेवावी. पावसात पेरणीच्या गर्दीत ती होत नाही.

आडोशामुळे काय बदलले, ते मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो. गेल्या वर्षी आणि यंदा, भाद्रपदापासून पुढे, ऊन कलले की कळप पट्ट्यावर उतरू लागला. खालून गाड्या जात असतानाही गवे मान वर न करता चरत होते. आवाजाची सवय त्यांना लवकर होते, दिसणाऱ्या माणसाची होत नाही. गाड्या थांबणे बंद झाले, कारण थांबून पाहण्यासारखे काही उरले नाही. आमच्या पाच जणांच्या मळ्यांत यंदा गव्यांचे दोनच फेरे झाले. पट्ट्यापासून दूर, दुसऱ्या पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) खाली असलेल्या शेतांना याचा फायदा झालेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि दोडामार्ग भागात २००२ पासून हत्तींचा जो प्रश्न आहे, त्यावर असल्या आडोशाचा काडीचा उपयोग नाही.

आमच्या गावातल्या काही जाणत्यांनी घेतलेला एक आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. दाट झाडोरा म्हणजे रानडुकरांना लपायला घर. पट्टा करण्यापूर्वीच्या रानमोडीत डुकरे विणीला बसत होती, हे सर्वांनी पाहिले आहे. म्हणून आडोशाची पट्टी १२ फुटांपेक्षा रुंद करू नये, तिची खालची दोन वीत जागा तणापासून स्वच्छ ठेवावी, म्हणजे बुंध्यांमधून उजेड दिसतो आणि डुक्कर तेथे ठाण मांडत नाही, आणि पट्टी कोणत्याही परिस्थितीत भाताच्या बांधाला नेऊन भिडवू नये. याच कारणासाठी पडीक भरडावर आपोआप वाढलेल्या रानमोडीला किंवा घाणेरीला ‘नैसर्गिक आडोसा’ म्हणून राहू देण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्यांच्या सावलीत चाऱ्याचे गवत मरते, आणि दोन पावसांत आडोशासह पट्टाही त्यांच्या घशात जातो.

दुसरी भीती फासक्यांची आहे, आणि ती मला रात्री जागी ठेवते. जनावरांच्या वाटा जेथे अरुंद होतात तेथेच तारेचा फास लावला जातो. डुकरासाठी लावलेल्या अशा फासात बिबटे अडकून तडफडल्याच्या घटना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नव्या नाहीत. आडोसा माणसाची नजर अडवतो, तेव्हा तो वाईट हेतूने येणाऱ्यालाही झाकतो. ज्या गावात रोज सकाळी कोणी तरी पट्टीच्या कडेने फेरी मारायला तयार नसेल, त्या गावाने आडोसा पेरूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. आम्ही पाच जणांनी वार वाटून घेतले आहेत. आतापर्यंत दोनदा सायकलच्या ब्रेकची तार सापडली. दोन्ही वेळा ती काढून वनरक्षकांच्या हाती दिली.

गावची गुरे पट्ट्यावर जाऊ देऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको. लाळ्या-खुरकूत गुरांकडून गव्यांना लागू शकतो आणि जंगलात त्यावर उपचार करता येत नाही. त्यासाठी रस्त्याकडच्या मोकळ्या जागेवर काटेरी फांद्यांची वई पुरते.

राहता राहिला वणव्याचा प्रश्न. अमेरिकेत हा पडदा सुकल्यावरही हिवाळाभर तसाच उभा ठेवतात, कारण त्यांचा शिकारीचा हंगाम तेव्हा असतो आणि जमीन थंड, ओली किंवा बर्फाखाली असते. आपल्याकडे डिसेंबरात सुकलेली धैंचाची आणि तागाची काटके फेब्रुवारीत बारुदासारखी होतात, आणि रस्त्यावरून फेकलेली एक जळती विडी सगळा पट्टा, त्याच्या वरची राई आणि राईतली घरटी जाळायला पुरेशी आहे. त्यामुळे संक्रांत ते शिमगा या काळात आडोसा जमिनीलगत कापून काढला पाहिजे. जाड काटके वालाच्या आणि पडवळाच्या मांडवाला जातात, बारीक पाला भरडावरच पसरून मातीत मिसळतो आणि अंबाडीचा वाख हवा असेल त्याने काढावा. जाळून भाजावळ करण्याचा मोह मात्र टाळावा.

म्हणजे हा आडोसा खरा उपयोगी पडतो तो ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. लवकर येणारे हळवे भात निसवू लागल्यापासून उशिरा येणाऱ्या गरव्याची कापणी होईपर्यंतचा काळ त्यात येतो आणि आमची मुख्य गरज तीच आहे. उन्हाळ्यात वायंगणी भात, कुळीथ आणि कलिंगडाच्या मळ्यांवर गवे येतात, तेव्हा हंगामी झाडे कामाची नाहीत. तेथे बांबूची ओळ लावावी लागेल. आम्ही गेल्या पावसात खालच्या कडेला बांबूची बेटे लावली आहेत. ती पडद्याच्या उंचीची आणि दाटीची होईपर्यंत हंगामी आडोशावरच भिस्त आहे. ज्यांना बांबू लावायचा आहे, त्यांनीही पहिली काही वर्षे त्याच्या पुढे धैंचा पेरावा, असे मी सुचवीन.

आता मागणी. चाऱ्याचे पट्टे आणि पाणवठे यांच्यावर होणाऱ्या खर्चाचे आराखडे याच महिन्यांत तयार होतात. वनविभागाने प्रत्येक नव्या पट्ट्याच्या आराखड्यात आडोशाची पट्टी, तिच्यापुढची मोकळी जागा आणि सुकल्यानंतरची कापणी या तिन्हींचा समावेश करावा, आणि रस्त्यावरून उघडे दिसणारे जे पट्टे आधीच झाले आहेत, त्यांना येत्या मृगात आडोसा द्यावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आमच्यासारख्यांच्या अनुभवावर न थांबता आपल्या जांभ्याच्या मातीत कोणती हंगामी झाडे किती उंच जातात, कोणती वाऱ्यात टिकतात आणि कोणती वन्य प्राण्यांना निर्धोक आहेत, याचे प्रयोग करून शिफारस द्यावी. आणि ज्या गावांना असा पट्टा करायचा आहे, त्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रोजच्या फेरीसाठी माणसे आधी ठरवावीत आणि मगच बियाण्याचा विचार करावा.

बियाण्याची अडचण कोणाला पडू नये. आमच्या पट्टीवरच्या धैंचाच्या शेंगा तडकण्यापूर्वी काढून, वाळवून, राखेत घोळून ठेवल्या आहेत, आणि अंबाडीचे बीही दोन पायली आहे. ज्या वाडीला हवे असेल, तिने आपल्या दैनिकाकडे कळवावे. रोहिणीपूर्वी मी ते स्वतः पोचवीन.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग